वाचक विचारतात : महाधमनीचा फुगवटा आणि पिशवीत मावणारे सोनोग्राफी यंत्र

पोटातील महाधमनी मणक्याच्या अगदी पुढून खाली उतरते, निरोगी प्रौढ माणसात ती साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते, आणि 3 सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद झाली की तिला फुगवटा, म्हणजेच अ‍ॅन्युरिझम, म्हणतात, एवढे या सदरात पूर्वी सांगून झाले आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख रोगाकडे नसून तो शोधणाऱ्या लहान यंत्रांकडे आहे. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर लांबले आहे, पण विषयाचे मर्म त्याच पत्रात आहे.

प्रश्न : माझे थोरले बंधू इंग्लंडमध्ये असतात. पासष्टाव्या वर्षी त्यांना सरकारी आरोग्यसेवेकडून पोटाच्या तपासणीचे बोलावणे आले. दवाखान्यात डॉक्टर नव्हतेच. एका तरुण तंत्रज्ञ बाईंनी सुटकेसएवढे यंत्र टेबलावर उघडले, दहा मिनिटांत तपासले आणि ‘2.1 सेंटिमीटर आहे, पुन्हा येण्याची गरज नाही’ असे सांगून निरोप दिला. एवढ्याशा यंत्रावर जन्माचा निर्णय सोपवणे कितपत योग्य? (निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : आपल्या बंधूंनी निश्चिंत राहावे. ब्रिटनमध्ये पोर्ट्‌समथ, साउथॅम्प्टन, विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड या चार ठिकाणी 65 ते 74 वयाच्या सुमारे 67,800 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना सोनोग्राफीसाठी बोलावले गेले, उरलेल्यांना नाही. आणि 2002 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांत बोलावलेल्या गटात फुगवट्यामुळे होणारे मृत्यू सुमारे 42 टक्क्यांनी कमी भरले. त्याच पायावर 2009 मध्ये इंग्लंडचा तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि 2013 पर्यंत तो सर्व भागांत पोहोचला. त्यातील तंत्रज्ञ डॉक्टर नसतात हे खरे, पण त्यांना शिकवलेले काम एकच असते, त्यांनी जतन केलेली चित्रे वरचेवर पडताळली जातात, आणि ज्यांची महाधमनी नीट दिसत नाही अशांना ‘ठीक आहे’ असे न सांगता पुन्हा बोलावले जाते किंवा रुग्णालयात पाठवले जाते. दिवसभर पित्ताशयापासून मूत्रपिंडापर्यंत सगळे पाहणाऱ्या माणसापेक्षा दिवसभर एकच नळी मोजणारा माणूस त्या नळीपुरता अधिक तयार असतो, हा माझाही अनुभव आहे.

आपण अभियंता आहात म्हणून यंत्राबद्दल थोडे अधिक सांगतो. ध्वनिलहरीच्या दिशेने, म्हणजे पोटाकडून पाठीकडे, घेतलेले माप आडव्या मापापेक्षा नेहमीच अधिक भरवशाचे असते. 3 मेगाहर्ट्‌झच्या प्रोबमध्ये (म्हणजे पोटावर टेकवायच्या, ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागात) शरीरातील तरंगलांबी साधारण अर्धा मिलिमीटर असते, त्यामुळे त्या दिशेने भिंतीची कड एखाद्या मिलिमीटरच्या आत पकडता येते; आडव्या दिशेने मात्र लहरींचा झोत खोल जाताना पसरतो आणि कड पुसट होते. म्हणूनच या कार्यक्रमात पुढून-मागे असा व्यासच मोजतात, तोही उभ्या व आडव्या अशा दोन्ही छेदांत. आता 2.1 मोजताना चार मिलिमीटरची चूक झाली असे धरले, तरी खरा आकडा 2.5 च्या पलीकडे जात नाही आणि निर्णय बदलत नाही. आकडा 2.9 आला असता, तर मीही आपल्याइतकाच साशंक झालो असतो. पुढचे टप्पेही आकड्यांवरच बेतलेले आहेत: 3.0 ते 4.4 असल्यास वर्षातून एकदा, 4.5 ते 5.4 असल्यास दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि 5.5 झाले की रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे. त्याआधी शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटन व अमेरिकेतील दोन चाचण्यांनी अनुक्रमे 1998 व 2002 मध्ये दाखवून दिले आहे.

प्रश्न : आमच्या धर्मादाय संस्थेस एका देणगीदाराने मोबाइलला जोडायचे सोनोग्राफी यंत्र देऊ केले आहे. गावोगावी शिबिरे घेऊन साठीपुढच्या पुरुषांची महाधमनी तपासावी, अशी कल्पना आहे. माहितीपत्रकात ‘मोठ्या यंत्राशी 0.98 सहसंबंध’ असे छापले आहे. यंत्र घ्यावे का, आणि घेण्यापूर्वी ते कसे पारखावे? (संस्थेचे कार्यवाह, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी त्या 0.98 विषयी. मंडईत दोन काटे आहेत आणि त्यांतला एक प्रत्येक वेळी 200 ग्रॅम जास्त दाखवतो, असे समजा. शंभर पिशव्या दोन्ही काट्यांवर तोलल्या तर आकडे हातात हात घालून वरखाली होतील, सहसंबंध जवळजवळ 1 येईल, आणि तरीही प्रत्येक गिऱ्हाईक नाडले जाईल. सहसंबंध फक्त ‘एक वाढले की दुसरे वाढते का’ एवढेच सांगतो. दोन मापे जुळतात का, याबद्दल तो मुका असतो. ब्लँड आणि ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये हीच चूक दाखवून साधा मार्ग सुचवला: प्रत्येक व्यक्तीच्या दोन मापांतील फरक काढा, त्या फरकांची सरासरी पाहा, आणि शंभरातील पंचाण्णव फरक कोणत्या मर्यादांत पडतात ते सांगा. विक्रेत्याला सहसंबंध विचारू नका. ‘मोठ्या यंत्राच्या तुलनेत तुमचे माप जास्तीत जास्त किती मिलिमीटर इकडे-तिकडे जाते?’ असे विचारा. उत्तर चार मिलिमीटर आले, तर 5.2 चा फुगवटा कधी 4.8 तर कधी 5.6 दिसणार आणि त्यावर एकदा तीन महिन्यांची वाट तर एकदा शस्त्रक्रियेची चिठ्ठी मिळणार, हे आपल्याला आपोआप कळेल.

दुसरे म्हणजे कोणावर पारखले ते पाहा. विक्रेते प्रात्यक्षिकासाठी सडपातळ, तरुण आणि उपाशीपोटी आलेला माणूस झोपवतात. त्याची महाधमनी कोणतेही यंत्र दाखवील. आपल्या शिबिरात येणारे आजोबा चहा-पोहे घेऊन आलेले असतील, काहींची पोटे सुटलेली असतील, आणि आतड्यातील वायू पडद्यावर पांढऱ्या धुक्यासारखा पसरलेला असेल. म्हणून पारख करताना ‘महाधमनी दिसली नाही’ अशा व्यक्ती गाळायच्या नाहीत, त्या यंत्राच्या अपयशात धरायच्या. माहितीपत्रकाच्या तळटीपेत ‘अस्पष्ट चित्रे वगळून’ असे शब्द दिसले, तर वरच्या सगळ्या टक्केवाऱ्यांवर काट मारावी.

तिसरी गोष्ट संख्येची, आणि तिच्यात भलेभले फसतात. पन्नास जणांना तपासले आणि एकालाही फुगवटा नव्हता, तर यंत्र फुगवटा पकडते की नाही याचा काडीचाही पुरावा आपल्याजवळ नाही. दहा ज्ञात फुगवटे दिले आणि दहाच्या दहा पकडले, तरी खरी पकड 70 टक्क्यांच्या आसपास असण्याची शक्यता गणिताने नाकारता येत नाही. शंभरपैकी शंभर पकडले, तर मात्र हुकण्याचे प्रमाण 3 टक्क्यांच्या वर नसावे असे म्हणता येते. म्हणून रक्तवाहिन्यांच्या बाह्यरुग्ण विभागातील ज्ञात रुग्ण आणि निरोगी माणसे यांची सरमिसळ करून, तपासणाऱ्याला कोण कोणता हे न सांगता परीक्षा घेतात. त्यातही मेख आहे. सहा सेंटिमीटरचा फुगवटा पहिल्या दिवशीचा विद्यार्थीही ओळखील. परीक्षा हवी ती 2.5 ते 3.5 च्या पट्ट्यात.

चौथे, यंत्र ज्याच्या हाती जाणार त्याच्याच हाती पारखले पाहिजे. शक्यतो दोघांनी एकाच व्यक्तीला एकमेकांचा आकडा न पाहता मोजावे. आम्ही पडद्याच्या ज्या कोपऱ्यात माप उमटते तेथे चक्क चिकटपट्टी लावत असू, कारण पहिला आकडा दिसला की दुसऱ्याचा हात नकळत त्याच्याकडे झुकतो. मोबाइलच्या पडद्याबाबत एक हिशेबही करून पाहा: शरीरातील 15 सेंटिमीटर खोली पडद्यावरच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाखवली, तर शरीरातील एक मिलिमीटर पडद्यावर 0.4 मिलिमीटर होतो. आणि मोजखुणा ठेवायच्या त्या बोटाच्या टोकाने. चित्र मोठे करण्याची सोय असते, पण मांडवाखाली, उन्हाच्या तिरिपीत, रांग वाढत असताना ती वापरली जाते का, हे बघायला हवे.

येथे माझीच एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या काळात एका रुग्णाच्या पोटात मला महाधमनीची काळी, गोल पोकळी स्वच्छ दिसली. मी ती 3.4 मोजली आणि समाधानाने लिहूनही टाकली. वरिष्ठ आले, त्यांनी काही न बोलता चित्राचा उजळपणा एक पायरी वाढवला. त्या काळ्या वर्तुळाभोवती राखाडी चंद्रकोर उमटली, आणि तिच्याही बाहेर धमनीची खरी भिंत. राखाडी भाग म्हणजे फुगवट्याच्या आत थरांनी जमलेली रक्ताची गुठळी होती. मी फक्त रक्त वाहण्यापुरती उरलेली वाट मोजली होती. खरा व्यास 5.8 होता. माझ्यासमोर मोठे यंत्र होते आणि खोलीत अंधार होता, तरी ही चूक झाली. लहान यंत्रांत राखाडीच्या छटा कमी उमटतात, त्यामुळे असली गुठळी दिसते की नाही हे मी कोणत्याही यंत्राच्या बाबतीत पहिल्यांदा तपासतो.

आता कायद्याचा मुद्दा, जो देणगीदारांच्या सहसा लक्षात नसतो. गर्भलिंगनिदान रोखणारा 1994 चा कायदा (महाराष्ट्राने तर त्याआधी 1988 मध्येच आपला स्वतंत्र कायदा केला होता) गर्भाचे लिंग दाखवू शकणाऱ्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला लागू आहे, मग ते आपण पुरुषांच्याच पोटावर ठेवणार असलात तरी. नोंदणी नसलेल्या संस्थेला असे यंत्र विकताच येत नाही, आणि 2012 च्या नियमदुरुस्तीनुसार पोर्टेबल यंत्र एकतर नोंदणी असलेल्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा इतर वैद्यकीय सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. तेव्हा जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा केल्याशिवाय देणगी स्वीकारू नये.

एवढे सगळे जुळून आले, तरी शेवटचा हिशेब उरतो. समजा 1000 पुरुष आले, त्यांतल्या 10 जणांना फुगवटा आहे, आणि यंत्र शंभरातले 90 फुगवटे पकडते व निरोग्यांपैकी 95 टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. तर 9 फुगवटे सापडतील, एक निसटेल, आणि सुमारे 50 निरोगी माणसे ‘पोटातली नस फुगली आहे’ हे ऐकून घरी जातील. त्यांच्यासाठी सीटी स्कॅन कोण करून देणार? इंग्लंडमधील लेस्टर शहरात, जेथे दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे, तेथील तपासणीत आशियाई पुरुषांमध्ये हा फुगवटा गोऱ्या पुरुषांच्या मानाने बराच कमी आढळला होता. आणि रोग जितका विरळ, तितका खोट्या इशाऱ्यांचा वाटा मोठा. माझे मत विचारता म्हणून सांगतो: यंत्र घेऊ नये. त्या पैशांत रक्तदाब मोजणे, औषधे पुरवणे आणि विडी-तंबाखू सोडवण्याचे काम करावे. ज्यांनी वर्षानुवर्षे धूम्रपान केले आहे किंवा ज्यांच्या वडिलांना अथवा भावाला हा फुगवटा होता, अशा मोजक्या साठीपुढच्या पुरुषांची यादी करून त्यांना जवळच्या सोनोग्राफी केंद्रात पाठवावे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा फुगवटा सोनोग्राफीत 4.3 आणि पंधरा दिवसांनी सीटी स्कॅनमध्ये 4.8 आला. पंधरा दिवसांत एवढा वाढू शकतो का, की एक यंत्र चुकीचे आहे? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर असू शकतात. धमनीच्या भिंतीला जाडी असते. इंग्लंडच्या कार्यक्रमात आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, इतर अनेक ठिकाणी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आणि नुसत्या या पद्धतीने काही मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय सीटीचा आकडा बहुधा सोनोग्राफीपेक्षा थोडा मोठाच येतो. वाकड्या धमनीचा तिरपा काप घेतला, तरी व्यास फुगून दिसतो. केळ्याची चकती तिरपी कापली की लांबोळी होते, तसेच. म्हणून पुढची सगळी मापे एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच केंद्रात घ्यावीत आणि सीटीचा आकडा सीटीशी, सोनोग्राफीचा सोनोग्राफीशी पडताळावा. कोणतेही नवे यंत्र पारखताना ते कोणत्या कडेपासून मोजते, हे न विचारता केलेली तुलना निरर्थक ठरते, ती याच कारणाने.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, आपोआप व्यास मोजणारी यंत्रे आता येत आहेत. त्यांनी शिकाऊ हाताची उणीव भरून निघेल का? (डॉक्टर, नाशिक जिल्हा)

उत्तर : अर्धी भरून निघेल. चित्र न दाखवता थेट आकडाच सांगणारी यंत्रे यापूर्वीही आली होती. मूत्राशयात लघवी किती साठली हे मोजणाऱ्या यंत्राच्या धर्तीवर ती बेतलेली होती. परंतु पडद्यावर पाहून मोजणाऱ्या तयार तंत्रज्ञाची सर त्यांना आली नाही. नव्या प्रणाली चित्रावरच खुणा ठेवतात, त्यामुळे निदान आपल्याला ‘ही खूण कशावर ठेवली?’ असे बघता तरी येते. बघायचे ते हेच. शेजारून जाणाऱ्या महानीलेला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या मोठ्या शिरेला, महाधमनी समजण्याची चूक नवखा माणूस करतो तशी प्रणालीही करू शकते. मणक्याची पांढरी कमान आणि तिच्यामागची काळी सावली आधी शोधावी; कमानीच्या पुढ्यात, रुग्णाच्या डाव्या अंगाला, जाड भिंतीची आणि प्रोबने दाबली तरी न चपटणारी ती महाधमनी, तर उजव्या अंगाला, श्वासाबरोबर रुंद-अरुंद होणारी ती महानीला. प्रणालीने चित्र अपुरे असताना आकडा देण्याचे नाकारले, तर मी तिला गुण देईन, आणि धुक्यातूनही दशांशासह आकडा काढून दिला तर काढून घेईन. शहानिशा करायची असल्यास आपल्या पहिल्या पन्नास-साठ रुग्णांची मापे नोंदणीकृत केंद्रातील मापांशी ताडून पाहावीत. अर्थात आपले यंत्र व आवार दोन्ही नोंदलेले आहेत, हे गृहीत धरतो.

प्रश्न : वडील 72 वर्षांचे, पूर्वी विडी ओढत. आडवे झाले की बेंबीच्या वर ठोका जाणवतो म्हणतात. आमच्या गावच्या दवाखान्यात लहान यंत्र आहे, तेथेच दाखवू का? (शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बारीक माणसाच्या पोटात निरोगी महाधमनीचा ठोकाही हाताला लागतो, तेव्हा घाबरू नये, पण वय आणि विडी पाहता एकदा मोजून घ्यायलाच हवे. गावच्या यंत्रावर फुगवटा दिसला तर तो बहुधा खराच असेल. तातडीच्या विभागात डॉक्टरांनी स्वतः लहान यंत्राने केलेल्या तपासण्यांत सुमारे 99 टक्के फुगवटे सापडल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे, पण ते या कामाचा सराव असलेले हात होते. काही दिसले नाही, तर तेवढ्यावर न थांबता तालुक्याच्या केंद्रात जावे. अचानक पोटात किंवा पाठीत असह्य कळ येऊन घाम फुटला वा भोवळ आली, तर मात्र सोनोग्राफीसाठी थांबू नये. फुगवटा फुटून रक्त मणक्याच्या बाजूला साचले असल्यास सोनोग्राफीत ते कित्येकदा कळत नाही, म्हणून सीटी आणि शस्त्रक्रिया या दोन्ही सोयी असलेले रुग्णालय थेट गाठावे. एरवी एखाद्या सकाळी उपाशीपोटी न्यावे, आणि अहवालात ‘महाधमनी नॉर्मल’ एवढेच न लिहिता सर्वांत रुंद जागेचा व्यास आकड्यात लिहून मागावा.